दुरियन आणि काळा ट्रफल : वासाने घातलेली साद

रानवाट

गेले काही महिने दोन जीव माझ्या डोक्यात शेजारी शेजारी येऊन बसलेत आणि त्यांना वेगळं करणं मला जमत नाही. एक दुरियनचं झाड, बोर्निओ, सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पाच्या जंगलातलं, पंचवीस ते पन्नास मीटर उंच जाणारं. दुसरा काळा ट्रफल, म्हणजे फ्रान्स, स्पेन, इटलीतल्या चुनखडीच्या जमिनीत ओक आणि हेझल या झाडांच्या मुळांशी राहणारं कवक. एकासाठी मान वर करून बघत राहायचं, दुसऱ्यासाठी गुडघे टेकून माती उकरायची. कूळ, हवा, आकार, आयुष्य, काहीच जुळत नाही. तरीही दोघांनी एकाच अडचणीवर एकच उपाय काढलाय असं मला ठामपणे वाटतं. ते नीट मांडावं म्हणून हा धागा.

अडचण अशी, की दोघांनाही जागचं हलता येत नाही, आणि पुढची पिढी मात्र आपल्या सावलीपासून लांब रुजायला हवी. दुरियनचं बी चांगलं मोठं आणि जड. वाऱ्याने ते हलत नाही. ट्रफलचे बीजाणू सूक्ष्म असतात, पण ते जमिनीखाली एका घट्ट गाठीत कोंडलेले. तिथे वाऱ्याचा पत्ताच नाही. ट्रफलचे पूर्वज जमिनीवर वाटीसारखी फळं धरणारी कवकं होती. ती आपले बीजाणू हवेत फेकायची. फळ जमिनीखाली गेलं आणि ती सोय संपली.

उरला मार्ग तिसऱ्याला हाक मारण्याचा. हा तिसरा म्हणजे चांगलं नाक असलेला, हिंडणारा सस्तन प्राणी. दुरियनकडे हत्ती, अस्वल आणि ओरांगउटान येतात. ट्रफलकडे रानडुकरं आणि उंदरांसारखे छोटे कुरतडणारे जीव येतात. आणि हाक मारायला दोघांनी जे वापरलं ते एकच, गंधकाची संयुगं! घनदाट जंगलात रंग दूरवरून दिसत नाही, मातीखाली तर दिसतच नाही. गंधकाचे हलके रेणू मात्र अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात.

मला सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे वासाची वेळ. काळ्या ट्रफलची गाठ वसंताच्या शेवटी धरते आणि हिवाळ्यात पिकते. मधले सहा-आठ महिने ती मातीत असते, वाढत असते, पण तिला म्हणावा असा वास नसतो. बीजाणू तयार झाले की वास सुटतो. दुरियनचंही तेच. हिरवं कच्चं फळ हुंगून बघितलं तर विशेष काही नाही, आणि बिया तयार होऊन फळ पडायच्या सुमाराला सगळा परिसर भरून जातो. वास नुसता ‘असतो’ असं नाही, तो वेळेवर सोडला जातो.

आणखी एक गंमत काट्यांची. मलाय भाषेत ‘दुरी’ म्हणजे काटा, त्यावरून दुरियन. काळ्या ट्रफलची साल बघाल तर तिच्यावरही चौकोनी-पाचकोनी बुडाचे छोटे उंचवटे असतात, आणि बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तोही अंगभर काटेरी. यातून मी कसलाही सिद्धांत काढत नाहीये. पण ते चित्र एकदा पाहिल्यावर मनातून जात नाही.

तुमच्यापैकी कुणी यातलं काही प्रत्यक्ष पाहिलंय का? आणि माझी तुलना कुठे घसरत असेल तर जरूर सांगा.

एक वाचक

लेख आवडला, पण तुलनेचा पायाच थोडा सरकलाय. तुम्ही एका बाजूला झाड ठेवलंय आणि दुसऱ्या बाजूला फळ. ट्रफल म्हणजे ते कवक नव्हे, ते त्या कवकाचं फळ. कवक म्हणजे मातीत पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. मग तुलना झाड विरुद्ध कवकजाल, किंवा दुरियनचं फळ विरुद्ध ट्रफल, अशी हवी.

रानवाट

एक वाचक, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, शीर्षकातच मी ती गल्लत केली. पण तुमच्या दुरुस्तीने तुलना जास्तच रंगते, कारण मग ट्रफलचं ‘झाड’ कुठे असतं हा प्रश्न येतो. ते दिसत नाही, पण त्याची खूण दिसते. जिथे काळ्या ट्रफलचं जाळं जोमात असतं तिथे ओकच्या बुंध्याभोवती गवत आणि तण जवळजवळ नाहीसं होतं, जळाल्यासारखं उघडं वर्तुळ पडतं. फ्रेंच लोक त्याला ‘ब्रूले’ म्हणतात, म्हणजे जळलेलं. दुरियनचा पसारा वर मान करून बघायचा, ट्रफलचा पसारा त्या उघड्या मातीवरून ओळखायचा.

आणि एक मोठा फरक, जो मी लिहायला हवा होता. दुरियन स्वतःचं अन्न स्वतः बनवतो. ट्रफलला ते जमत नाही. फ्रान्समध्ये हेझलच्या झाडांना खूण केलेला, म्हणजे जड कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड देऊन पाहिलं, तर तोच कार्बन पानांतून मुळांत आणि पुढे वाढत्या ट्रफलमध्ये पोचलेला सापडला. म्हणजे तो सुगंध सुद्धा हेझलच्या पानांनी उन्हात कमावलेल्या साखरेवर उभा आहे.

निशाचर

मलेशियात चार वर्षं होतो, त्यामुळे दुरियनबद्दल लिहितो.

एका मित्राच्या काकांच्या बागेत रात्री थांबलो होतो. बाग म्हणजे डोंगरउतारावरची जुनी, उंच झाडं. तिथे पिकलेलं फळ झाडावरून काढत नाहीत, आपसूक पडण्याची वाट बघतात. (थायलंडमध्ये उलट. तिथे फळ थोडं आधी देठासकट कापतात, खालचा माणूस गोणपाटाने झेलतो, आणि पक्वता ओळखायला काठीने ठोकून आवाज ऐकतात.) रात्री अकरानंतर आम्ही झोपडीत बसलेलो. काकांनी पहिलीच ताकीद दिली होती, डोक्यावर काही घातल्याशिवाय झाडाखाली जायचं नाही. दोन-तीन किलोचं काटेरी फळ तेवढ्या उंचीवरून आलं तर काय होईल ते सांगायला नको.

आधी वर पानांत एक फरफर झाली, मग थडाक्कन जमीन हादरल्यासारखा आवाज. काका बॅटरी न लावता आवाजाच्या दिशेने गेले. मला वाटलं अंधारात कसं सापडणार. ते म्हणाले, दोन मिनिटं थांब, वास सांगेल. आणि खरोखरच सांगितला. आधी भाजलेल्या कांद्यासारखा काहीतरी, त्याच्यामागून पिकलेल्या फळाचा गोडवा. आम्ही सरळ त्या वासावर चालत गेलो. फळ पडताना एका बाजूने किंचित उकललं होतं, त्या फटीत नाक नेलं तर वास इतका दाट की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी देठाच्या विरुद्ध टोकाला सुरी खुपसून ते पिळलं, तेव्हा फळ आपल्या ठरलेल्या रेषांवर पाच फाकांत उघडलं. प्रत्येक कप्प्यात फिकट पिवळ्या गराचे दोन-तीन गोळे, गरात बी. रानवाटताई, तुमचा लेख वाचताना लक्षात आलं की त्या रात्री आम्ही हत्तीचं काम करत होतो. वास आला म्हणून अंधारात चालत गेलो.

कुतूहल

छान लिहिलंय निशाचर! एक बाळबोध शंका. फणस आणि दुरियन जवळचे नातलग ना? दिसायला तर तसेच.

पानगळ

नाही, दिसण्यावर जाऊ नका. फणस वड-उंबराच्या कुळातला. तो एका फुलाचं फळ नाही, शेकडो फुलांचा मिळून झालेला आहे. दुरियन भेंडी, कापूस, जास्वंद, सावर यांच्या कुळातला, आणि त्याचं एक फळ एकाच फुलातून येतं. भेंडी वाळल्यावर शिरांवर उकलते ना, दुरियनही तसाच रेषांवर उकलतो. त्याच्या जनुकसंचाचा नकाशा सिंगापूरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही कापूस आणि कोको हे नातलग म्हणून स्पष्ट दिसतात.

सुवास

पानगळ यांनी २०१७चा विषय काढलाच आहे तर रसायनाचं सांगते, कारण रानवाट यांच्या मुद्द्याला खरा आधार तिथेच आहे.

मेथिओनिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल जवळपास प्रत्येक जीवात असतं. दुरियनच्या त्या जनुकसंचात असं दिसलं की मेथिओनिनसारखे रेणू तोडून वासाची संयुगं मोकळी करणाऱ्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकाच्या त्याच्याकडे नातलगांपेक्षा जास्त प्रती आहेत, आणि फळ पिकताना त्या जोरात कामाला लागतात. २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना दुरियनच्या गरात एथिओनिन हे सहसा न आढळणारं अमिनो आम्ल सापडलं. ते तुटलं की एथेनथायॉल सुटतो. दुरियनच्या वासातला जो कुजकट कांद्याचा भाग, तो मुख्यतः अशा संयुगांचा. गोड भाग एस्टरांचा. २०१७ मध्ये असंही दाखवलं गेलं की फळासारखा वास असलेलं एक एस्टर आणि भाजक्या कांद्यासारखं एक गंधक-संयुग, एवढी दोनच योग्य प्रमाणात मिसळली तरी दुरियनचा वास ओळखू येतो. निशाचर यांनी अंधारात नेमके हेच दोन पदर वेगवेगळे हुंगले!

आता ट्रफल. काळ्या ट्रफलचा जनुकसंच २०१० मध्ये वाचला गेला. साधारण साडेबारा कोटी अक्षरं, त्यात जनुकं सुमारे साडेसात हजार, आणि निम्म्याहून जास्त भाग इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचा. पण फळ धरताना गंधक हाताळणारी जनुकं इथेही जोरात चालतात, आणि वासाचा कच्चा माल पुन्हा मेथिओनिनच. त्यातून डायमिथिल सल्फाइड तयार होतो. इटलीतल्या पांढऱ्या ट्रफलमध्ये खास रेणू वेगळा आहे, बिस-मिथिलथायो-मिथेन. बाजारातल्या बहुतेक ‘ट्रफल तेलात’ हाच रेणू प्रयोगशाळेत बनवून घातलेला असतो, ट्रफलचा त्याला स्पर्शही नसतो. ज्यांनी फक्त ते तेल चाखलंय त्यांनी ट्रफल चाखला असं मी मानत नाही.

थोडक्यात, एक झाड आणि एक कवक, आणि दोघांनी वासासाठी हात घातला तो एकाच डब्यात.

कुतूहल

पण डुकरिणीला ट्रफलमध्ये डुकराच्या संप्रेरकाचा वास येतो म्हणून ती वेड्यासारखी खणते, असं सगळीकडे वाचलंय. मग गंधकाचं काय?

सुवास

ती गोष्ट १९८१ पासून फिरतेय. तेव्हा ट्रफलमध्ये अँड्रोस्टेनॉल सापडला, जो नर डुकराच्या लाळेतही असतो, आणि सगळ्यांना कथा आवडली. पण १९९० मध्ये फ्रान्समध्ये साधी चाचणी झाली. ट्रफलच्या जमिनीत काही ठिकाणी अँड्रोस्टेनॉल, काही ठिकाणी डायमिथिल सल्फाइड आणि काही ठिकाणी खरा ट्रफल पुरला, आणि सवयीचं डुक्कर आणि कुत्रे सोडले. त्यांनी ट्रफल शोधला, डायमिथिल सल्फाइडवरही खणलं, अँड्रोस्टेनॉलकडे लक्ष दिलं नाही. शिवाय कुत्र्याला डुकराच्या संप्रेरकाशी काय घेणं? ट्रफल तर नर-मादी दोन्ही कुत्रे तितक्याच उत्साहाने शोधतात.

अजून एक बारकावा. ट्रफलच्या आत जीवाणूंची मोठी वस्ती असते. ट्रफलच्या एका युरोपीय जातीत काही वासाचे गंधक-रेणू हे जीवाणूच बनवतात असं दिसलंय. म्हणजे ती हाक एकट्या कवकाचीही नाही.

एक वाचक

सुवास, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. माझी तक्रार आता उरली नाही.

फक्त एक भर घालतो. निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५०च्या दशकात बोर्निओत होते. त्यांना आधी बंद घरात वास आला तेव्हा दुरियन नकोसा वाटला होता. मग एकदा जंगलात जमिनीवर पडलेलं पिकलं फळ उघड्यावर खाल्लं आणि कायमचे चाहते झाले. त्यांनी एक निरीक्षण नोंदवलंय ते या धाग्याशी थेट जुळतं. मोठ्या झाडांना छोटी फळं येतात, कारण ती माणसाच्या डोक्यावर पडू नयेत, अशी तेव्हा समजूत होती. वॉलेस यांनी दुरियनकडे बोट दाखवून म्हटलं की निसर्गाची रचना माणसाच्या सोयीने झालेली नाही. दुरियनचा वास आपल्याला आवडावा की नाही, हा प्रश्न मुळात आपल्याला विचारलेलाच नव्हता.

कुतूहल

मग एक भाबडा विचार. दुरियनच्या बागेत मुळांवर ट्रफल लावता येईल का? एकाच जमिनीत दोन पिकं.

मातीमाणूस

नाही येणार, आणि का नाही येणार हे कळलं की दोघंही जास्त कळतात.

मायकोरायझा (झाडाचं मूळ आणि कवक यांची जोडी) हा शब्द शेतीतल्या लोकांना सवयीचा आहे, पण तो सगळा एकाच तऱ्हेचा नसतो. दुरियनच्या मुळांत जो असतो तो पेशीच्या आत शिरून झुडपासारखी रचना करतो. ट्रफलची तऱ्हा वेगळी. तो मुळाच्या टोकावर बाहेरून मोज्यासारखा चढतो, पेशींच्या मधून शिरतो, पेशीच्या आत नाही. त्याला ओक, हेझल अशी त्या तऱ्हेची झाडंच लागतात. दुरियनच्या मुळाला तो मोजा बसतच नाही. (त्याच जंगलातल्या मेरांटीसारख्या साल-कुळातल्या वृक्षांना बाहेरून चढणारी कवकं असतात, पण ती त्यांची आपली, ट्रफल नव्हे.) वर जमिनीचा प्रश्न. काळ्या ट्रफलला चुनखडीची, साधारण साडेसात ते सव्वाआठ सामू (पीएच) असलेली माती आणि थंड हिवाळा लागतो. दुरियनला आम्लाकडे झुकलेली, निचऱ्याची माती आणि वर्षभर ऊब. पाणी साचलं की फायटोप्थोरा हा मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव बुंध्याला धरतो आणि मोठं झाडही बसतं. दोघांना सुखी ठेवणारी जमीन नाही.

पण गंमत बघा, मायकोरायझा हा शब्दच ट्रफलमुळे जन्माला आला. प्रशियाच्या सरकारला आपल्याकडे ट्रफल पिकवायचा होता. ते काम आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आलं. त्यांना ट्रफल काही पिकवता आला नाही, पण झाडाची मुळं आणि कवक मिळून एक अवयव बनतो हे त्यांनी पाहिलं आणि १८८५ मध्ये त्याला ‘मायकोरायझा’ असं नाव दिलं. आज मायकोरायझाचं पाकीट वापरणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की याची सुरुवात ट्रफलच्या हट्टातून झाली?

आणि त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रान्सच्या व्होक्लूझ भागात जोसेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ज्या ओकखाली ट्रफल मिळत होते त्याच ओकची फळं नापीक जमिनीत पेरली. काही वर्षांनी नव्या झाडांखाली ट्रफल आले. शास्त्र ठाऊक नसताना त्याने बरोबर रोपं आणि बरोबर माती एकत्र आणली. पुढे फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उजाड केले तेव्हा त्या जमिनींवर ओक लावले गेले आणि ट्रफलचं उत्पन्न शिखरावर पोचलं. पहिल्या महायुद्धानंतर गावं ओस पडली, झाडीत झाडी माजली, सावली दाट झाली आणि उत्पन्न कोसळलं. १९७०च्या दशकात रोपवाटिकेतच मुळांवर ट्रफल चढवलेली रोपं मिळू लागली, आणि आज फ्रान्समधला बहुतेक काळा ट्रफल लावलेल्या बागांतला आहे. स्पेनमध्ये तेरुएल प्रांतातलं सारिओन गाव आणि त्याचा परिसर तर ओकच्या रांगांनी भरलाय. जंगली ट्रफल ही कल्पना काळ्या ट्रफलबाबत बरीचशी जुनी झालीय. पांढरा मात्र अजून हट्टी आहे. त्याच्या नैसर्गिक टापूबाहेर, फ्रान्समध्ये, लागवडीतून तो मिळाल्याचं २०२१ मध्ये पहिल्यांदा जाहीर झालं, आणि तेही मोजकेच नग.

रानवाट

मातीमाणूस, दंडवत. ‘मोजा’ हा शब्द मी आता कायमचा उचलला.

पानगळ

आतापर्यंत सगळं बोलणं हाकेबद्दल झालं, म्हणजे फळ तयार झाल्यानंतरचं. मला त्याच्या आधीचं सांगायचंय, कारण तिथे दोघंही सारखेच परावलंबी आहेत आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

दुरियनची फुलं जाड जुन्या फांद्यांवर झुबक्याने लटकतात. दुपार कलल्यावर उमलायला लागतात, आंबट दुधासारखा वास सोडतात, मधाने भरतात, आणि पहाटेपर्यंत पाकळ्या-पुंकेसर गळून खाली सडा पडलेला असतो. म्हणजे एकच रात्र. त्या रात्रीचा मुख्य पाहुणा म्हणजे गुहेत राहणारं, मध खाणारं वटवाघूळ, इओनिक्टेरिस स्पेलिया. बहुतेक दुरियनला स्वतःच्याच परागाने नीट फळ धरत नाही, दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. ते आणणारं हे वटवाघूळ राहतं चुनखडीच्या डोंगरातल्या गुहांत, आणि ते डोंगर सिमेंटसाठी फोडले जातात. ट्रफलला चुनखडीची माती लागते, दुरियनला चुनखडीची गुहा लागते. हे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

मोठ्या उडत्या कोल्ह्यांना (फळ खाणारी मोठी वटवाघळं) तर शेतकरी फुलं नासवणारे म्हणून हाकलत आले. मलेशियातल्या तिओमान बेटावर झाडांवर कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा, २०१७ मध्ये, दिसलं की ते मध चाटतात, फूल शाबूत राहतं आणि पुढे फळही धरतं.

आता ट्रफल. त्यालाही दोन वेगळ्या ‘जाती’ लागतात, आपण सोयीसाठी आई आणि बाप म्हणू. आईचं जाळं मुळांवर वर्षानुवर्षं सापडतं. तिच्याच पेशींपासून ट्रफलचा सगळा गर बनतो. बापाची खूण फक्त बीजाणूंत मिळते. आसपासच्या मुळांवर शोधायला गेलं तर तो बहुतेक वेळा सापडतच नाही, आणि दरवर्षी वेगळा निघतो. बहुधा तो नुकत्याच रुजलेल्या बीजाणूतून येतो. म्हणूनच ट्रफलचे बागायतदार झाडाभोवती खड्डे करून त्यात ट्रफलचा चुरा मिसळलेली माती भरतात. आणि थायलंडमध्ये दुरियनचे बागायतदार काय करतात? संध्याकाळी सात-आठ वाजता शिडी लावून, बारीक कुंचल्याने दुसऱ्या वाणाचे पराग फुलांना लावतात. दोन टोकांचे दोन शेतकरी, आणि दोघंही तेच करतायत, हरवलेल्या जोडीदाराची जागा भरून काढतायत.

मातीमाणूस

खड्ड्यांचा अनुभव खरा आहे. स्पेनमध्ये हे सर्रास करतात, आणि त्या भुसभुशीत खड्ड्यात आलेला ट्रफल आकारानेही जास्त गोलसर निघतो.

हेझलची सावली

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहते. बराच वेळ नुसती वाचत होते, आता राहवत नाही.

जानेवारीत एका शेजारणीबरोबर तिच्या ओकच्या बागेत गेले होते. तिच्यासोबत कुत्री. जमीन रात्रीच्या हिमाने कडक झालेली. कुत्री ओळीने झाडं ओलांडत गेली, आठ-दहा झाडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि एकाच्या बुंध्यापासून दोन हातांवर एकदम थांबली. पंजाने दोनदाच खरवडलं. शेजारणीने लगेच तिला बाजूला घेतलं, खाऊ दिला आणि स्वतः गुडघ्यावर बसली. मला वाटलं आता खणणार. तिने आधी मूठभर माती उचलून नाकाशी धरली आणि मला दिली. मातीलाच वास होता! ओल्या पानांचा, त्यात मका उकडल्यासारखा काहीतरी. (आता सुवास यांचं वाचून कळलं, तो डायमिथिल सल्फाइड.) वितीपेक्षाही कमी खोलीवर तो निघाला, अक्रोडाएवढा. तिने नखाएवढी साल काढून आत पाहिलं. काळ्या गरात पांढऱ्या शिरांची नक्षी, म्हणजे पिकलेला. खड्डा पुन्हा मातीने नीट बुजवला, थोपटला आणि मगच उठली. न बुजवता जाणाऱ्या माणसाला ती बागेत पाऊल ठेवू देत नाही.

तिचे वडील कुत्र्याशिवाय शोधायचे. हिवाळ्यातल्या उन्हाच्या दिवशी सूर्याकडे तोंड करून, काठीने पुढची जमीन हलकेच हलवत, आणि एक तपकिरी माशी कुठून उडते ते बघत. ती माशी आपली अंडी ट्रफलच्या वर घालते. हाक तिलाही ऐकू जाते. इटलीत तर १९८५च्या कायद्याने शोधाला कुत्रा बरोबर असणंच सक्तीचं आहे. डुक्कर सापडलेलं खाऊन टाकतं आणि जाळंही उखडतं.

गेले काही उन्हाळे मात्र वाईट गेले. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झाला नाही तर गाठी जमिनीतच वाळतात. ज्यांनी ठिबक घातलंय ते तगलेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हवामान असंच तापत गेलं तर शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत दक्षिण युरोपातलं काळ्या ट्रफलचं उत्पन्न जवळपास संपेल असा अंदाज मांडला होता. शेजारीण तो अंदाज ऐकून काही बोलली नाही. तिने या वर्षी चाळीस नवी रोपं लावली.

निशाचर

हेझलची सावली, किती छान लिहिलंत. आमचे काका अंधारात दोन मिनिटं थांबले, तुमच्या शेजारणीने आधी माती हुंगली. दोघांनाही घाई नव्हती.

मला एक विचारायचंय. आपण हाक ऐकून जातो खरे, पण ज्यासाठी हाक मारली ते काम आपण करतो का? हत्ती बी दूर नेऊन टाकतो, रानडुक्कर बीजाणू विष्ठेतून पसरवतं. आपण?

रानवाट

निशाचर, हा प्रश्न मीच विचारायला हवा होता.

ट्रफलच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा साखळी तोडतो. बीजाणू पिकलेले असतात, आपण ते किसून खातो, आणि ते शहरांच्या गटारात जातात. तिथे ओक नाही. जो भाग सडका किंवा किडका म्हणून बागायतदार पुन्हा खड्ड्यात घालतो, तेवढाच आपल्या हातून रुजतो. ट्रफलला एक सोय आहे. मातीत राहिलेला बीजाणू लगेच मरत नाही, योग्य मूळ जवळ येईपर्यंत वाट बघू शकतो.

दुरियनला ती सोय नाही. त्याचं बी वाळलं की मेलं, ते साठवून ठेवता येत नाही. पण तिथे माणसाने हत्तीचं काम खरोखर केलंय. खाऊन बिया कडेला टाकल्या, त्या उगवल्या, ज्याचं फळ चांगलं निघालं ते झाड राखलं, पुढे त्याच्या फांदीची कलमं केली. आज दुरियन आग्नेय आशियात जिथे जिथे उभा आहे, तिथल्या पुष्कळ ठिकाणी त्याला हत्तीने नाही, माणसाने नेलंय. जंगलं तुटून हत्ती कमी होत गेले तसा हा भार आपल्याकडे जास्तच आला.

निशाचर

मग हे सांगतोच. त्या रात्रीचं एक बी मी धुऊन, ओल्या रुमालात गुंडाळून खोलीवर आणलं होतं, उगाच, टाकवेना म्हणून. पाचव्या दिवशी रुमालातून पांढरं जाडसर मूळ बाहेर आलं होतं. कुंडीत किती दिवस ठेवणार, म्हणून पुढच्या खेपेला काकांकडेच नेऊन दिलं. त्यांनी ते उताराच्या कडेला, मोठ्या झाडांच्या सावलीबाहेर लावलं. मागच्या वर्षी फोटो पाठवला, माझ्या खांद्याएवढं झालंय.